शरीरातील चरबीचे तीन आकडे आणि त्यांमागची गृहीतके

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४२, उंची १७० सेंटिमीटर, वजन ७२ किलो आणि बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर आहे. अंधेरीच्या जिममध्ये हातात दांडे धरून ज्यावर उभे राहायचे, त्या यंत्राने चरबी २४.१ टक्के दाखवली, घरच्या काट्याने त्याच आठवड्यात २८.६ टक्के दाखवली, आणि दादरच्या एका निदान केंद्रातील डेक्सा (क्ष-किरणांनी हाड, चरबी आणि बाकीचे ऊतक मोजणाऱ्या) तपासणीच्या अहवालात ३३.१ टक्के असे छापून आले. यांपैकी खरा आकडा कोणता, पुढे कोणत्या पद्धतीने मोजत राहावे, आणि घरातील ७४ वर्षांच्या, पेसमेकर बसवलेल्या वडिलांनीही त्याच काट्यावर उभे राहावे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. खेळाडू आणि मधुमेहाचे रुग्ण या दोन्ही गटांची अशी मोजमापे करणे हेच मुंबईतले माझे रोजचे काम असल्याने तिन्हींची उत्तरे सविस्तर देतो.

तीनपैकी डेक्साचा आकडा वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ आहे; मात्र ३३.१ हा तुलनेसाठी घ्यायचा आकडा नव्हे. तोच अहवाल नीट वाचला तर तुलनेचा आकडा ३१.९ येतो, आणि तो कसा येतो ते पुढे सांगतो. जिमच्या यंत्राचा २४.१ हा आकडा तुमच्या शरीरापेक्षा तुमची उंची, वजन आणि वय यांविषयीच अधिक सांगत असावा. दर आठवड्याला काय मोजावे, याचे उत्तर मात्र या तिन्ही यंत्रांपेक्षा साधे आहे: कमरेचा घेर.

जिवंत माणसाच्या शरीरातील चरबी थेट मोजता येत नाही, हे सर्वप्रथम ध्यानात घ्यावे लागते. ती थेट मोजायची तर मृतदेहाचे विच्छेदन करून ऊतींमधील स्निग्धांश रासायनिक रीतीने वेगळा काढावा लागेल, आणि असे काम जगभरात फार थोड्या मृतदेहांवर झालेले आहे. त्यामुळे प्रत्येक पद्धत प्रत्यक्षात दुसरेच काहीतरी मोजते. कोणी शरीराची घनता मोजते, कोणी विजेला होणारा विरोध, कोणी क्ष-किरण किती अडले ते, तर कोणी त्वचेच्या घडीची जाडी; आणि मग एखाद्या समीकरणाच्या आधारे त्या मापावरून चरबीची टक्केवारी काढली जाते. मोजमाप कितीही काटेकोर असले, तरी समीकरणामागचे गृहीतक तुमच्या शरीराला लागू पडत नसेल, तर दशांशापर्यंत छापलेला आकडाही चुकलेलाच असतो. दोन पद्धतींचे आकडे जुळत नाहीत तेव्हा यंत्र बिघडले आहे का, हे पाहण्याआधी त्यांची गृहीतके कोणती आणि ती कोणाच्या शरीरांवरून ठरवली गेली, हे पाहिले पाहिजे.

या विषयाचा पाया पाण्याखालच्या वजनाने घातला. अमेरिकी नौदलातील डॉक्टर आल्बर्ट बेन्के यांनी १९४२ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या २५ जणांची तपासणी केली. सैन्याच्या उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे भरतीस अपात्र ठरत होते, पण पाण्यात बुडवून त्यांची घनता काढल्यावर त्यांतील बहुतेकांच्या अंगावर चरबी नव्हे, स्नायू आहेत असे दिसले. तत्त्व आर्किमिडीजचेच आहे. चरबीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम आणि चरबी वगळता उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम धरली, की संपूर्ण शरीराच्या घनतेवरून दोहोंचा वाटा काढता येतो. १९६१ साली विल्यम सीरी यांनी मांडलेले समीकरण आजही सर्वत्र वापरले जाते: ४९५ ला घनतेने भागायचे आणि ४५० वजा करायचे. (सीरी हे जीवभौतिकीचे अभ्यासक होते, तसेच १९५४ च्या मकालू मोहिमेचे नेतृत्व करणारे गिर्यारोहकही होते, उंचीवर शरीराचे काय होते, हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता.)

या समीकरणातील १.१ हा आकडा किती भक्कम आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. चरबीविरहित शरीरात पाणी सुमारे ७३ टक्के, प्रथिने सुमारे १९ टक्के आणि खनिजे सुमारे ७ टक्के, हे जे प्रमाण प्रमाणभूत मानले गेले, ते तीन पुरुषांच्या मृतदेहांच्या रासायनिक विश्लेषणातून आले. ज्याची हाडे विरळ झाली आहेत अशा वृद्ध व्यक्तीत, पायांवर सूज असलेल्या रुग्णात, वाढत्या वयाच्या मुलात किंवा गर्भवतीत हे प्रमाण तसेच राहत नाही. निरोगी माणसांतही ते थोडे इकडेतिकडे होते, आणि एवढ्या चढउतारामुळेच चरबीच्या टक्केवारीत सुमारे ४ टक्क्यांची अनिश्चितता राहते, असा अंदाज स्वतः सीरी यांनीच मांडला होता. त्यातच पाण्याखाली श्वास पूर्ण सोडल्यावरही फुप्फुसांत जी हवा उरते ती वेगळी मोजावी लागते. ७० किलोच्या माणसात त्या मापात १०० मिलिलिटरची चूक झाली, तरी उत्तर सुमारे ०.७ टक्क्याने बदलते. ही पद्धत दीर्घकाळ कसोटीचा दगड मानली गेली आणि इतर पद्धतींची बरीचशी समीकरणे तिच्याशी ताडूनच बनवली गेली. म्हणजे तिच्यातील अनिश्चितता त्या पद्धतींकडे वारशाने आलेली आहे.

पाण्याऐवजी बंद कक्षातील हवेचा दाब वापरून आकारमान मोजणारे बॉड पॉड हे त्याच तत्त्वावर चालते आणि त्याची गृहीतकेही तीच आहेत. जड हायड्रोजन असलेले मोजके पाणी प्यायला देऊन काही तासांनी लाळेत ते किती विरळ झाले हे पाहण्याची पद्धत शरीरातील एकूण पाणी उत्तम सांगते. घनता, पाणी, हाडांतील खनिज आणि वजन ही चारही मापे एकत्र घेणारी चार घटकांची पद्धत आज सर्वांत विश्वसनीय समजली जाते. मात्र ती संशोधनाच्या कामाची आहे, आणि तुमच्या निर्णयात यांपैकी कशाचाही उपयोग होणार नसल्याने त्यांचा विस्तार करत नाही.

जिमचे यंत्र आणि घरचा काटा या दोन्हींची पद्धत एकच आहे, तिला बीआयए (बायोइलेक्ट्रिकल इम्पीडन्स अ‍ॅनॅलिसिस) म्हणतात. पाणी आणि क्षार भरपूर असलेल्या स्नायूंमधून वीज सहज जाते, चरबीतून ती कष्टाने जाते. यंत्र जाणवणारही नाही इतका क्षीण, उलटसुलट वाहणारा प्रवाह शरीरातून सोडते, त्याला झालेला विरोध मोजते, उंचीच्या वर्गाला त्या विरोधाने भागून शरीरातील पाण्याचा अंदाज घेते, आणि पाणी म्हणजे चरबीविरहित शरीराचा सुमारे ७३ टक्के भाग असे धरून उरलेले सगळे वजन चरबीच्या खात्यात टाकते. यंत्राने मोजलेले माप यात एकच आहे, ते म्हणजे विरोध. बाकीचे काम समीकरण करते, आणि बहुतेक यंत्रांच्या समीकरणात उंची, वजन, वय आणि लिंग हे घटक वेगळे भरलेले असतात. ती समीकरणे उत्पादक सहसा प्रसिद्ध करत नाहीत.

तुमच्या आकड्यांवर एक पडताळा करून पाहिला. डॉयरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली केवळ बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग), वय आणि लिंग यांवरून चरबीचा अंदाज देणारे एक सूत्र मांडले: बीएमआयला १.२ ने गुणा, वयाला ०.२३ ने गुणून त्यात मिळवा, पुरुष असल्यास १०.८ वजा करा आणि शेवटी ५.४ वजा करा. तुमचा बीएमआय २४.९ आणि वय ४२ घातल्यास उत्तर २३.४ येते. म्हणजे शरीराला कोणत्याही यंत्राचा स्पर्श न होता, कागदावर जे उत्तर मिळते, त्याच्या जवळपासच जिमच्या यंत्राचे २४.१ आहे. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या सरासरी माणसाची चरबी एवढी असते, इतकेच त्यातून कळते. आणि ज्या गटाची ही सरासरी आहे, तो गट भारतीय नव्हता. याची खात्री स्वतः करून घ्यायची असेल, तर घरच्या काट्याच्या अ‍ॅपमध्ये वय ४२ ऐवजी ६२ भरा आणि लगेच पुन्हा उभे राहा. पाच मिनिटांत शरीर बदललेले नसते. आकडा जेवढा बदलेल तेवढा भाग वयाच्या रकान्यातून आलेला आहे. त्याच अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅथलीट' हा पर्याय चुकून निवडला गेला असेल तर चरबी एकदम कमी दिसते, तेही तपासा. काही महागड्या यंत्रांचे उत्पादक आपण वय आणि लिंग हिशेबात घेत नाही असे सांगतात. त्या यंत्रांवरही हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

दुसरी अडचण विजेच्या वाटेची आहे. घरच्या काट्यावर प्रवाह एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो, म्हणजे कमरेच्या वरचे शरीर त्याने पाहिलेलेच नसते. जिमच्या यंत्रात हातांनाही पट्ट्या असल्याने वाट पूर्ण होते, पण तरीही धडाचा प्रश्न सुटत नाही. धड हे शरीराच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग असूनही आकाराने आखूड आणि रुंद असल्यामुळे एकूण विरोधात त्याचा वाटा जेमतेम दहा टक्के असतो. आपल्याकडील चाळिशीतल्या पुरुषाची चरबी जिथे साठते, नेमका तोच भाग या पद्धतीला सर्वांत अंधूक दिसतो. चरबी अधिक असलेल्या व्यक्तींत बीआयएचा आकडा डेक्सापेक्षा बहुधा कमी येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाण्यामुळे होणारी गडबड मुंबईत विशेष जाणवते. घामाने पाणी कमी झाले तर विरोध वाढतो आणि चरबी जास्त दिसते. पण व्यायामानंतर लगेच मोजले तर त्वचा तापलेली आणि रक्तप्रवाह वाढलेला असल्याने विरोध कमी होऊन चरबी कमी दिसते. जिममध्ये व्यायाम संपल्यावर मोजण्याची जी पद्धत पडली आहे, ती त्यामुळे मुळातच सदोष आहे. मोजण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर ते पोटात असल्याने विजेला त्याचा पत्ता लागत नाही, वजन मात्र अर्ध्या किलोने वाढते आणि ते सगळे चरबीत मोजले जाते. तुमच्या बाबतीत २४.१ चे २४.६ होतील. गंमत अशी की तेच अर्धा लिटर पाणी पिऊन डेक्सावर झोपलात तर उलटा परिणाम होईल, कारण डेक्सा पाण्याला चरबीविरहित भागात धरते आणि तुमचा ३१.९ चा आकडा ३१.७ वर येईल. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी का ताडू नयेत, हे एवढ्या एका उदाहरणावरूनही कळते.

घरचा काटा वापरायचा झाला तर सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी वापरावा. आदल्या रात्री मद्यपान नसावे आणि मागच्या बारा तासांत जोराचा व्यायाम झालेला नसावा. पावसाळ्यात बाथरूमच्या ओल्या लादीवर ठेवलेल्या काट्यावर ओल्या पायांनी उभे राहू नये. पाय कोरडे करून, काटा सपाट आणि टणक जमिनीवर ठेवून मोजावे. स्त्रियांनी मासिक पाळीच्या चक्रातील ठरावीक दिवशीच मोजावे, कारण त्या काळात अंगातील पाणी बदलते. एका दिवसाचा आकडा विचारात न घेता आठवड्याची सरासरी घ्यावी.

कॅलिपरने त्वचेची घडी मोजण्याची पद्धत तुम्ही करून पाहिलेली नाही, पण ती वगळून ही तुलना पुरी होणार नाही, कारण निष्णात हातात ती आजही फार उपयोगी आहे. त्वचा आणि तिच्याखालची चरबी बोटांनी उचलून, दर चौरस मिलिमीटरला १० ग्रॅम असा ठरावीक दाब देणाऱ्या कॅलिपरने घडीची जाडी वाचायची, ती शरीराच्या उजव्या बाजूला, खुणा करून, ठरलेल्या जागीच वाचायची. ड्युर्निन आणि वॉमर्स्ली यांनी १९७४ साली ४८१ स्त्री-पुरुषांवर केलेल्या अभ्यासातून दंडाची पुढची बाजू, दंडाची मागची बाजू, खांद्याच्या पात्याखाली आणि कमरेच्या हाडावर अशा चार जागांच्या बेरजेवरून घनता काढण्याची समीकरणे दिली. ती वयोगटांनुसार वेगळी आहेत, आणि त्यातून काय घडते ते पाहण्यासारखे आहे. चार घड्यांची बेरीज ७० मिलिमीटर असलेल्या ३९ वर्षांच्या पुरुषाची चरबी या समीकरणाने २५.१ टक्के येते, आणि तोच माणूस चाळिशीत पाऊल टाकताच, एकही मिलिमीटर न बदलता, २९.३ टक्क्यांवर जातो. वयाबरोबर चरबी त्वचेखालून पोटाच्या आत सरकते ही खरी गोष्ट त्या वयोगटांमागे आहे, पण ती वाढदिवसाच्या दिवशी घडत नाही. म्हणून खेळाडूंच्या बाबतीत मी टक्केवारी काढतच नाही. घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्येच लिहून ठेवतो आणि तिच्यातला बदल पाहतो. समीकरण मध्ये न आल्याने उरते ती फक्त हाताची चूक, आणि मोजणारी व्यक्ती कायम तीच असेल तर ती बरीच लहान असते.

टेपची पद्धत आणखी साधी आहे. हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली अमेरिकी नौदलासाठी मान, कंबर आणि उंची यांवरून चरबीचा अंदाज देणारे सूत्र केले. स्त्रियांसाठी त्यात नितंबांचा घेरही येतो. तुमची मान ३८ सेंटिमीटर धरली तर उत्तर २४.३ टक्के येते, आणि टेप दोन सेंटिमीटर सैल धरून कंबर ९६ वाचली तर २५.६ येते. हाही आकडा जिमच्या आकड्याजवळ आला म्हणून जिमचे यंत्र बरोबर ठरत नाही. दोन्हींच्या मुळाशी पाश्चात्त्य प्रौढांची शरीरयष्टी आहे, म्हणून ती एकाच दिशेने चुकू शकतात.

आता डेक्सा. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, चरबी आणि बाकीचे मऊ ऊतक त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, आणि त्यावरून तिन्हींचे वजन किलोमध्ये काढले जाते. किरणांचे प्रमाण काही मायक्रोसीव्हर्ट इतकेच, म्हणजे निसर्गातून आपल्याला एखाद्या दिवसात मिळते त्याच्या आसपास असते. तरीही ते क्ष-किरणच असल्याने गर्भवतींनी ही तपासणी करू नये, आणि यंत्र असलेल्या केंद्राकडे आपल्याच अनुशक्तिनगरात मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे ना, हे पाहून घ्यावे. हाडांची घनता पाहण्यासाठी मुंबईत डेक्सा अनेक ठिकाणी होते, मात्र त्या तपासणीत केवळ कंबर आणि खुबा पाहिला जातो. शरीररचनेसाठी संपूर्ण शरीराची तपासणी हवी, असे आधीच स्पष्ट सांगावे लागते.

तुमच्या अहवालात चरबी २३.० किलो, चरबीविरहित मऊ ऊतक ४६.४ किलो आणि हाडांतील खनिज २.६ किलो असे दिले आहे. बेरीज ७२ किलो. छापलेला ३३.१ हा आकडा २३.० ला ६९.४ ने, म्हणजे हाडे वगळून उरलेल्या वजनाने भागून आला आहे. संपूर्ण वजनाने भागले तर ३१.९ येतात, आणि इतर पद्धतींशी ताडायचा असेल तर हाच आकडा घ्यायला हवा. काही यंत्रांच्या अहवालात हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी असतात आणि सारांशात त्यांपैकी कोणताही एक उचलला जातो. पुढच्या वेळी वेगळ्या केंद्राने दुसरा आकडा छापला, तर काहीही न करता चरबी सव्वा टक्क्याने उतरल्याचा समज होईल. म्हणून टक्केवारीपेक्षा किलोचे रकाने पाहण्याची सवय लावून घ्यावी.

डेक्सालाही मर्यादा आहेत. जिथे हाड आहे तिथे मऊ ऊतकातील चरबी थेट दिसत नाही, ती आजूबाजूच्या भागावरून अंदाजाने भरली जाते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांत काही टक्क्यांचा फरक पडतो. आहारातील पिष्टमय पदार्थ एकदम कमी केले की पहिल्या आठवड्यात स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणीही जाते. डेक्सा हे सगळे चरबीविरहित भागात मोजत असल्याने स्नायू घटल्याचा भास होतो, आणि गणपतीच्या दिवसांत चार मोदक जास्त झाले की तेच पाणी परत येऊन स्नायू वाढल्यासारखे वाटते. म्हणून तपासणी उपाशीपोटी, सकाळी, नेहमीचा आहार सुरू असताना आणि त्याच केंद्रातील त्याच यंत्रावर करावी. तंत्रज्ञाच्या पुनर्मापनातील चूक टक्केवारीच्या आकड्याच्या २ टक्क्यांपर्यंत मान्य समजली जाते, तुमच्या ३१.९ वर ती सुमारे ०.६ होते, आणि दोन तपासण्यांमधला बदल खरा आहे असे म्हणायला त्याच्या पावणेतीन पट, म्हणजे सुमारे १.८ टक्क्यांचा फरक दिसावा लागतो. महिन्याभराने पुन्हा तपासणी करणे त्यामुळे व्यर्थ आहे. तुम्ही ४ किलो चरबी घटवली आणि बाकी काही बदलले नाही, तर १९ भागिले ६८, म्हणजे २७.९ टक्के येतील. तो बदल डेक्सा निःसंशय पकडेल. त्याला लागेल तेवढा वेळ जाऊ द्या. चार-सहा महिने हे योग्य अंतर आहे.

एकच पद्धत धरून ठेवण्याचा आग्रह मी यासाठी धरतो की सातत्याने चुकणारे यंत्रही बदल बरोबर दाखवू शकते. घड्याळ पाच मिनिटे पुढे असले तरी चर्चगेटहून अंधेरीला किती वेळ लागला, हे त्यावरून बरोबर कळते. अडचण येते ती मधेच घड्याळ बदलल्यावर. जिमच्या भिंतीवर लावलेल्या 'उत्तम, चांगले, सरासरी' अशा तक्त्यांबाबतही हीच काळजी घ्यावी. ते सहसा पाण्याखालचे वजन किंवा कॅलिपर यांवरून बनवलेले असतात. डेक्साचा आकडा त्यांत बसवला तर 'चांगले' गटातला माणूसही एक पायरी खाली जातो.

कितीही अचूक असली तरी टक्केवारी हा अर्धाच प्रश्न आहे. चरबी कुठे आहे, हा उरलेला अर्धा प्रश्न आपल्या लोकांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील (परळच्या नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे शेजारीशेजारी छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण डेक्सानुसार युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचीही मोजमापे केली, सरासरी २.७ किलो वजनाची ती बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांपेक्षा स्नायूंनी कितीतरी कमी होती, पण खांद्याच्या पात्याखालच्या चरबीने तितकी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या अंगात लपलेली ही चरबी आपल्याकडे कमी वजनातही मधुमेह का होतो, याचा मोठा धागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे बीएमआयचे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या शिफारशींत २३ च्या पुढे अतिवजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि कमरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर अशी धरली आहे. तुमचा २४.९ हा बीएमआय आंतरराष्ट्रीय तक्त्यात जेमतेम सामान्य ठरतो, आपल्या तक्त्यात तो अतिवजनात जातो. आणि कंबर मर्यादेबाहेर आहे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी या साध्या कसोटीवरही तुमची मर्यादा ८५ सेंटिमीटर येते.

पोटाच्या आतील आणि यकृतातील चरबी नेमकी पाहायची तर एमआरआय हाच उत्तम मार्ग आहे. सीटीही ती दाखवते, पण निव्वळ कुतूहलापोटी तेवढे किरण अंगावर घेणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या परिस्थितीत यांपैकी कशाचीच गरज नाही. त्या पैशांत उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी), रक्तातील स्निग्धांश आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि यकृतावर चरबी आहे का याविषयी तुमच्या डॉक्टरांना विचारा. चरबी किती टक्के आहे यापेक्षा ती काय करते आहे, हे या तपासण्यांतून कळेल. दर आठवड्याला एकाच वारी सकाळी टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप त्वचेत न रुतवता दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. नौदलाचे सूत्र बेंबीवरचे माप मागते आणि ही जागा थोडी वेगळी आहे, म्हणून जुन्या ९४ शी तुलना करायची असेल तर पहिल्या दिवशी दोन्ही जागांची मापे लिहून ठेवा.

वडिलांविषयी: पेसमेकर असलेल्या व्यक्तीने बीआयएच्या काट्यावर उभे राहू नये, अशी सूचना या काट्यांचे उत्पादक स्वतःच देतात, आणि ती पाळावी. त्यांच्यासाठी विजेचा प्रवाह न सोडणारा साधा वजनकाटा वापरा. डेक्सा मात्र त्यांना चालते. पेसमेकरच्या धातूमुळे छातीच्या भागाचा आकडा थोडा बिघडू शकतो, हातापायांचा नाही. आणि ७४ व्या वर्षी पाहायची गोष्ट हातापायांचीच आहे. या वयात वजन वर्षानुवर्षे तेवढेच राहून आतल्या आत स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली दिलेल्या निकषांनुसार पुरुषाच्या पोटरीचा घेर ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे, हाताची पकड २८ किलोपेक्षा कमी भरणे, किंवा खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद वा त्याहून अधिक लागणे ही स्नायू घटल्याची शंका घेण्याची चिन्हे आहेत. डेक्सात हातापायांचे चरबीविरहित वजन उंचीच्या वर्गाने भागून ७.० पेक्षा कमी आले, तर त्या शंकेला पुष्टी मिळते. पोटरी आणि खुर्ची या दोन कसोट्या घरीच होतात. खुर्ची हातांची नसावी, तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी, वडिलांनी दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवावेत आणि तुम्ही शेजारी उभे राहून सेकंद मोजावेत. दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबवून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवावे.